अकराव्या आणि बाराव्या डब्याच्या मधे

१

पिल्बी ते टिनडरी हा रस्ता तीनशे अकरा किलोमीटरचा. त्यावर वळणं सहा, पूल एक आणि टपालाचे डबे सतरा. क्लॅरी ट्रेलोर बावीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी टपालाची गाडी घेऊन या रस्त्यानं जायचा, आणि हे आकडे त्याला झोपेतून उठवून विचारले असते तरी त्यानं बिनचूक सांगितले असते. पण या रस्त्याबद्दल तो आयुष्यात खरं बोलला ते एवढंच. बाकी सगळ्या थापा.

म्हणजे बघा, पंचाहत्तराव्या किलोमीटरला, जिथे नजर जाईल तिथपर्यंत सपाट तांबडी माती, तिथे हा रस्ता उगाचच एक वळसा घेतो. आधी ही गुरं हाकणाऱ्यांची वाट होती. मग लोकरीचे गठ्ठे वाहणारे उंट आले. मंदीत बेकारांच्या टोळ्यांनी फावड्यांनी रस्ता बांधला, आणि युद्धात सैन्यानं त्याच्या मधोमध एका गाडीपुरतं डांबर ओतलं. यातल्या नेमक्या कुणी वळसा घेतला आणि का, कुणालाच ठाऊक नाही. क्लॅरीला मात्र ठाऊक होतं.

"तिथे एक उंट बसला होता," तो सांगायचा. "उठेना. मुकादम म्हणाला, मरू दे, याच्याभोवतीनं खणा."

टपालाच्या गाडीत शेजारी बसून येणारे हौशी प्रवासी हे वहीत टिपून घ्यायचे. कुठल्याशा पत्रकात तो उंट छापूनही आला होता. क्लॅरीनं ते कात्रण बायकोला दाखवलं. ग्लेनिस म्हणाली, "लाज वाटायला हवी," आणि फ्रिजवर चिकटवलं.

कुरणवाल्यांची घरं रस्त्यापासून दहा-वीस किलोमीटर आत. म्हणून ज्याला जे सापडलं ते त्यानं रस्त्याच्या कडेला खांबावर ठोकलेलं: कुणाचा जुना फ्रिज, कुणाचं दुधाचं कॅन, कुणाचं तेलाचं पिंप. गाडी थांबवायची, उतरायचं, झाकण उघडायचं, टपाल आणि वर्तमानपत्र आत, जाणारी पत्रं बाहेर, झाकण बंद, गाडी चालू. चाळीस सेकंद. हाताला सवय झाली की त्यात डोक्याचं काम उरत नाही.

अडचण एकच होती. अकरावा डबा म्हणजे एक जुनं वॉशिंग मशीन, आणि बारावा म्हणजे पिंप, यांच्या मधे चौपन्न किलोमीटर काहीही नाही. झाड नाही, फाटक नाही. प्रवासी तिथे डुलक्या घ्यायचे. आणि ऐकणारा झोपला की क्लॅरीला चारचौघांत थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं. म्हणून त्यानं तिथे एक बाई उभी केली. एनिड पास्को. रस्ता बांधणाऱ्या टोळीतल्या एका मजुराची बायको. टोळी पुढे गेली, ही मागे राहिली, नवऱ्याच्या पत्राची वाट बघत. तिचा डबा म्हणजे मांस ठेवायचं एक हिरवं जाळीचं कपाट, चार पायांचं, लाकडी खिटीचं.

पुढे काय होतं, ते ऐकणारा बघून ठरायचं.

२

त्या मंगळवारी गाडीत प्रवासी नव्हता. ऊन नेहमीसारखं, माश्या नेहमीसारख्या. समोरून दिवसभरात तीन गाड्या आल्या आणि क्लॅरीनं तिघांनाही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला, तिघांनीही बोट उचललं. शहरातला माणूस अख्खा पंजा हलवतो, त्यावरून तो ओळखू येतो.

टिनडरीला पोचून त्यानं मागची फळी उघडली. वर्तमानपत्रं तो नेहमी अठरा घ्यायचा. सतरा डब्यांची आणि एक स्वतःसाठी, टिनडरीच्या पेट्रोल पंपावर चहाबरोबर वाचायला. आज स्वतःचं नव्हतं.

पडलं असेल, त्यानं सीटखाली बघितलं. मग मोजणाऱ्यानं चूक केली असेल, म्हणून पावती बघितली. अठरा. मग एखाद्या डब्यात दोन गेले असतील. हे पटण्यासारखं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, पुढच्या बुधवारी तो काढायचा होता, आणि दोनाचं एक दिसणाऱ्या माणसाला एकाऐवजी दोन टाकायला काय लागतं?

चहा पिताना त्यानं उगाच मनातल्या मनात सगळे डबे पुन्हा उघडले. फ्रिजचं दार जड लागतं. कॅनचं झाकण फिरवावं लागतं. वॉशिंग मशीनचं झाकण करकरतं. आणि मग उजव्या हाताच्या अंगठ्याला एक लहानशी लाकडी खिटी आठवली. वर उचलून आडवी फिरवायची.

सतरांतल्या एकाही डब्याला लाकडी खिटी नव्हती.

३

मंगळवारी परतताना तो तुकडा अंधारातच मागे गेला होता. शुक्रवारी निघताना तो पिल्बीच्या वेशीवरच्या खानावळीत थांबला. खानावळ मर्लची. मर्ल म्हणजे सत्तरीची, कडक, आणि तिच्या खिमा भरलेल्या मीट-पायवर कुणी सॉस मागितला तर त्याच्याकडे वीस सेकंद बघत राहणारी. काउंटरवर डूगन बसला होता. रस्त्याच्या कडा सपाट करायचं यंत्र चालवणारा.

"आला आला, उंटवाला आला!" डूगन म्हणाला. "लेका, पण या वेळी मानलं हं तुला."

"काय केलं मी?"

"बघा, कसा साळसूद! अगं मर्ल, यानं खरंच ते कपाट नेऊन ठेवलंय. अकरा आणि बाराच्या मधे. हिरवं, जाळीचं. परवा मी कडा ओढत गेलो तर समोर ते. मी वळसा घेऊन गेलो. म्हटलं, बिचाऱ्यानं एवढी मेहनत घेतलीय."

मर्लनं भांडं पुसता पुसता मान हलवली. "पन्नाशी उलटली तरी याचा पोरकटपणा जात नाही."

क्लॅरीच्या ओठांवर आलं होतं की मी नाही ठेवलं. पण दोघंही त्याच्याकडे कौतुकानं बघत होते, आणि अशा नजरेपुढे त्याची जीभ बावीस वर्षांत कधी खरं बोलली नव्हती.

"बरं दिसतंय ना?" तो म्हणाला.

"फक्कड! आणि ती पायवाट तर कहर आहे. पायांनी तुडवून केलीस की काय? सरळ आत गेलीय माळावर. मी यंत्रावर उभा राहून बघितलं, तरी टोक दिसेना. किती दिवस लागले रे?"

"लागले थोडे," क्लॅरी म्हणाला, आणि बशीतला मीट-पाय अर्धवट सोडून उठला.

"सॉस हवा होता का?" मर्लनं विचारलं. तिनं असं कधीच कुणाला विचारलं नव्हतं. त्याचा चेहराच तसा झाला असणार.

४

कपाट होतं.

दुपारचे बारा, सावली पायाखाली, आणि त्या उजेडात ते इतकं साधं दिसत होतं की क्लॅरीला आधी जरा हसूच आलं. रंग पोपडे धरलेला. एका कोपऱ्यात जाळी उसवलेली आणि तारेनं शिवलेली. हे शिवणं त्यानं गोष्टीत कधी सांगितलं नव्हतं. तेच त्याला खटकलं. आपण सांगितलेलं तसंच्या तसं समोर आलं असतं तर एखाद्यानं थट्टा केली म्हणता आलं असतं. डूगनच असेल, मर्लही सामील असेल. पण थट्टा करणारा माणूस जाळी शिवत बसत नाही. जाळी शिवतो तो ती वापरणारा.

पायवाट तशीच होती. एका माणसाच्या रुंदीची, मधे गुळगुळीत.

त्यानं खिटी फिरवली. मंगळवारचं वर्तमानपत्र नव्हतं. आत एक लिफाफा होता. तिकीट नाही. पेन्सिलीनं, दाबून दाबून लिहिलेलं: *टपालाच्या गाडीवरच्या बाईंना.*

गाडीवर बावीस वर्षं बाई नव्हती. पण पुढच्या शुक्रवारपासून असणार होती. डोळा कापल्यावर दोन आठवडे क्लॅरीला गाडी चालवायची मनाई होती, आणि खेपा ग्लेनिस करणार होती. ही गोष्ट ग्लेनिसला, डॉक्टरला आणि त्याला सोडून कुणालाही माहीत नव्हती.

त्यानं लिफाफा उन्हासमोर धरला नाही. फोडला नाही. परत आतही ठेवला नाही. टपालवाला एवढंच करू शकतो: डब्यात आहे ते घ्यायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. त्यानं तो शर्टाच्या खिशात घातला आणि बटण लावलं. तिथून निघाल्यावर पुढचे चाळीस किलोमीटर त्यानं आरशात बघितलं नाही.

५

"ऑपरेशनला घाबरलायस," ग्लेनिस म्हणाली. "कबूल कर आणि मोकळा हो."

ती मटार सोलत होती. पत्राचं सोडून त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. पत्र खिशातच होतं.

"डूगनला विचार."

"तुमच्या टोळक्यातल्या कुणालाही मी काहीही विचारणार नाही. मागच्या वेळी विचारलं तेव्हा मी आठवडाभर उंटाची माफी मागत होते."

"ग्लेनिस, शप्पथ. या वेळी खरं आहे."

"बरं, खरं. मग पुढे काय होतं? तुझ्या त्या बाईचं शेवटी काय होतं?"

क्लॅरीनं एक मटार उचलून बोटांत फिरवला. तेच तर तो तीन दिवस आठवत होता. जर्मनीच्या जोडप्याला त्यानं सांगितलं होतं की बाई गाडीत बसते आणि पुढच्या पुलावर सीट रिकामी असते. शाळेच्या सहलीला सांगितलं होतं की ती वर्तमानपत्रातल्या चुका दुरुस्त करून परत ठेवते. पोरं खूप हसली होती. आणि एकदा, दोन नर्सबाई होत्या, हुशार, सारख्या जांभया देणाऱ्या, त्यांची झोप उडवायची म्हणून तो म्हणाला होता की त्या कपाटापाशी कुणीतरी उभं असावंच लागतं. म्हणून एक दिवस ती गाडीतल्या बाईला ठेवून घेते आणि तिच्या जागी बसून निघून जाते. नर्सबाईंची झोप उडाली होती. क्लॅरीला त्या रात्री फार समाधान वाटलं होतं.

"ठरलेलं नाही," तो म्हणाला.

"वा."

"ऑपरेशन पुढे ढकलू या."

"डोळ्याचा डॉक्टर परत येणार आठ महिन्यांनी. तोवर तो डोळा काचेची गोटी झालेला असेल. आणि दहाव्या डब्यातली म्हाताऱ्या रोवनची हृदयाची औषधं कोण नेणार? तुझी पास्कोबाई?" तिनं मटारची सालं कागदात गुंडाळली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "शेजारी बसून ये, हवं तर. डोळ्याला पट्टी लावून. पण गाडी मी चालवणार."

"थांबायचं नाही तिथे. काहीही दिसलं तरी."

"नाही थांबणार. झालं?"

ग्लेनिस दिलेला शब्द पाळायची. तीस वर्षांत त्याला तिचा एकही खोटा शब्द आठवत नव्हता, आणि तिचा तो एक शब्द घेऊन तो मंगळवारी तिथून न थांबता, न बघता गेला आणि बुधवारी डॉक्टरांच्या टेबलावर आडवा झाला.

६

शुक्रवार. डावा डोळा पट्टीखाली ठणकत होता, आणि डावीकडचं जगच नाहीसं झालं होतं. डबे सगळे डावीकडे. बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागत होती.

ग्लेनिस गाडी त्याच्यापेक्षा बरी चालवत होती. दहाव्या डब्यात औषधं पडली. अकराव्याचं झाकण करकरलं. मग तो चौपन्न किलोमीटरचा माळ सुरू झाला, आणि क्लॅरीला ती युक्ती सुचली. गोष्टीला पक्का शेवट नाही म्हणून हे सगळं उघडं राहिलंय. मग शेवट करू या. चांगला शेवट, आणि तो आत्ताच, तिथे पोचायच्या आत.

"ऐक," तो म्हणाला. "एनिड पास्कोचं काय झालं ते सांगतो."

"शेवटी ठरलं म्हणायचं."

आणि त्यानं सांगितलं. उभ्या जन्मात त्यानं इतक्या मनापासून गोष्ट सांगितली नव्हती. टोळी पुढे कशी गेली, फावड्यांचा आवाज तिला किती दिवस ऐकू येत राहिला, मग तोही कसा बंद झाला. रस्ता कसा बदलत गेला, उंट गेले, सैन्य आलं, आणि ती रोज त्या पायवाटेनं येऊन कपाट उघडून बघत राहिली. ग्लेनिसनं आरसा नीट केला. तिचे डोळे ओलावले होते.

"आणि मग एक दिवस," क्लॅरी म्हणाला, "तिला न्यायला आले. पत्र येणार नाही हे तिला कळलं होतं, पण म्हणून काय झालं. कुणीतरी आलं. ती गाडीत बसली. कपाट उचललं. संपलं. आता तिथे कुणी नसतं."

"कसली गाडी?"

गोष्ट सांगणाऱ्याला मधेच कुणी असं विचारलं तर तो थांबत नाही. थांबला तर थाप पकडली जाते. उत्तर जिभेवर तयार असावं लागतं, आणि क्लॅरीच्या असायचंच.

"टपालाची. या रस्त्याला दुसरी कुठली गाडी थांबते?"

"आणि चालवत कोण होतं?"

"बाई," क्लॅरीनं सांगून टाकलं. एकट्या बाईला रस्त्यावर गाडीत घ्यायचं तर बाईच बरी, ऐकणाऱ्याला पटतं. एवढाच विचार. तोही बोलून झाल्यावर केलेला.

७

चढ संपला आणि समोर तो तुकडा आला. क्लॅरीनं मान डावीकडे पूर्ण वळवली.

कपाट नव्हतं.

तांबड्या मातीत चार पायांचे चार चौकोनी खड्डे होते. पायवाट होती, पण तिच्यावर वाऱ्यानं माती लोटायला सुरुवात केली होती. क्लॅरीनं इतका मोठा श्वास सोडला की काचेवरची धूळ हलली. उचललं. त्यानं सांगितलं तसंच, उचललं.

"काय रे?" ग्लेनिस म्हणाली. ती थांबली नव्हती. शब्द पाळत होती.

"काही नाही. संपलं." आणि सुटका झालेल्या माणसाला जसं सगळं कबूल करावंसं वाटतं, तसं त्यानं खिशाचं बटण काढलं. "तुझं एक टपाल आहे. मागच्या शुक्रवारचं. मी अडवून ठेवलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

"माझं? बघू."

आणि गाडी चालवताना कागद वाचणाऱ्यांतली ग्लेनिस नव्हती. तिनं वेग कमी केला, चाक कडेच्या मातीत उतरवलं आणि इंजिन बंद केलं. तेव्हा ते त्या चार खड्ड्यांच्या फार तर वीस पावलं पुढे आले होते.

इंजिन थांबल्यावर माळ किती गप्प असतो ते कळतं. तापलेलं लोखंड टिकटिकलं. ग्लेनिसनं लिफाफा नखानं फोडला, ओळ वाचली आणि हलकेच हसली, एखादी ओळखीची बाई काही भिडस्तपणे मागते तेव्हा हसावं तसं.

"काय लिहिलंय?"

"गाडीत जागा असेल तर जरा थांबाल का, म्हणून विचारलंय." तिनं पत्राची घडी केली. "थांबलोच आहोत की."

"ग्लेनिस, चालू कर गाडी."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डाव्या खांद्यावरून, पट्टीच्या बाजूला बघत होती. दारात उभ्या पाहुण्याकडे बघून माणूस जशी मान झुकवतो, तशी तिनं मान झुकवली.

"सरक ना जरा," ती म्हणाली. "मधे ये. तिघं बसतात यात."

आणि तो सरकला. कसा, ते त्याचं त्यालाही नंतर समजलं नाही. बावीस वर्षं प्रवासी चढले की बॅगा उचलून जागा करून द्यायची अंगाला सवय, अंगानंच ते केलं. डावीकडचं दार उघडलं. उन्हाचा झोत आत आला. जुन्या कागदाचा वास आला. सीटची स्प्रिंग दबली, फार नाही, थोडीशी. दार लागलं.

मान वळवली असती तर दिसलं असतं. त्यानं वळवली नाही. उजव्या डोळ्याच्या कडेला, स्वतःच्या नाकापलीकडे, त्याला फक्त गुडघ्यावर ठेवलेले दोन हात दिसले. बोटांच्या टोकांना तारेचे बारीक बारीक ओरखडे. हातांखाली घडी घातलेलं, मंगळवारचं ते हरवलेलं वर्तमानपत्र.

८

गाडी डांबरावर आली. समोरून एक ट्रक आला. ग्लेनिसनं बोट उचललं. ट्रकवाल्यानं बोट उचललं, आणि मग, क्लॅरीनं स्पष्ट बघितलं, टोपीही काढली.

"तर," ग्लेनिस मोकळेपणानं म्हणाली, "यांना कुठे सोडायचं?"

क्लॅरी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"क्लॅरी. तुला विचारतेय. घर कुठे आहे यांचं?"

तेव्हा क्लॅरीच्या लक्षात आलं की घर त्यानं कधी बांधलंच नव्हतं. बावीस वर्षं, शेकडो प्रवासी, डझनभर शेवट. नवरा होता, कपाट होतं, खिटी होती, पण पायवाटेच्या टोकाला काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. बाई रोज त्या वाटेनं कुठे परत जायची? त्याच्या उजव्या हाताला त्याची बायको, डाव्या हाताला ती. त्याच्या उत्तराची वाट बघत, दोघी सारख्याच शांतपणे, सारख्याच सभ्यपणे.

जे नाव तो घेईल तिथे गाडी वळेल. आणि तिथे पोचल्यावर जी उतरायची ती उतरेल. कोण, ते त्यानं एकदा दोन नर्सबाईंना हसत हसत सांगितलेलं होतं.

जीभ तयार होती. पिल्बी म्हणायला तयार होती, टिनडरी म्हणायला तयार होती, हजार गावांची नावं घ्यायला तयार होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला दातांमागे धरून ठेवलं. रस्ता सरळ होता. बाराव्या डब्याचं पिंप एव्हाना दिसायला हवं होतं.

"क्लॅरी?"

"अजून थोडं पुढे," तो म्हणाला.

ग्लेनिसनं मान डोलावली आणि गाडी तशीच चालू ठेवली. त्यानं पुढचा सगळा माळ डोळ्यानं चाचपला. पिंप दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं डावीकडून वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज आला. आणि ग्लेनिसनं पुन्हा विचारलं.

"अजून पुढे," क्लॅरी म्हणाला. "मी सांगतो. तू चालव."